एका पाटावरचे रायव्हल

आज खत-फवारणीचं काही नाही, एका इंग्रजी शब्दाचं लिहितोय. पण शब्द पाण्यातलाच आहे, म्हणून वाचा.

मॅच बघताना पोरगा म्हणाला, "पप्पा, हे आर्च रायव्हल." रायव्हल म्हणजे वैरी, एवढं आम्हा दहावीवाल्यांनाही कळतं. पण पोरगीने मोबाईलवर डिक्शनरी काढून त्याचं मूळ वाचून दाखवलं आणि माझं मॅचमधलं लक्षच उडालं.

लॅटिन भाषेत रीव्हस म्हणजे ओढा, पाट. त्याच्यावरून रीव्हालिस, म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा. बास, एवढाच अर्थ. रिव्हरचा आणि याचा संबंध असेल असं मला वाटलं, पण तो शब्द रीपा म्हणजे काठ, त्यावरून आलाय.

इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने जुन्या कायदेपंडितांची मतं गोळा करून मोठा ग्रंथ जाहीर केला. त्यात एका पाटावरच्या रीव्हालिसांचं पाण्यावरून भांडण लागलं तर काय, हे लिहून ठेवलंय. म्हणजे तिकडंही रात्री कोणीतरी दुसऱ्याच्या पाळीत दारं मोडत होतंच. एकाच बाईवर जीव टाकणाऱ्या दोघांनाही लोक हाच शब्द लावायला लागले. गंमत म्हणजे शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये पहाऱ्यावरच्या जोडीदारांना रायव्हल म्हटलंय. जोडीदार आणि वैरी, शब्द एकच.

आपल्याकडं काय वेगळं आहे? भाऊबंद म्हणजे आपलाच माणूस, आणि भाऊबंदकी म्हणजे भांडण.

आमची विहीर आज्ज्याने पाडलेली. सातबाऱ्यावर आठ आणे आमचे, आठ आणे चुलत्यांचे. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. २००३ च्या दुष्काळात पाणी तळाला गेलं. माझा ऊस डोळ्यादेखत वाळत होता. लाईट रात्रीची. पाळी चुलत भावाची, आबांची. मी मोटर चालू केली. चूक माझीच, आज लिहायला लाज नाही. तासाभराने आबा बॅटरी घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत. स्टार्टर बंद केला, फ्यूज काढला आणि खिशात घालून घरी गेले. त्यानंतर अकरा वर्षं बोलणं नाही. पोरीच्या बारशाला आले नाहीत, मीही त्यांच्या पोराच्या हळदीला गेलो नाही. पाळ्या मात्र चालूच, गड्याच्या हातनं निरोप. वहिनी गेल्या तेव्हा मी खांदा द्यायला गेलो, तिथून बोलणं सुरू झालं.

ही एका विहिरीची गोष्ट. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कॅनॉल घ्या, हेडवाला आणि टेलवाला यांचं तेच. आणि महाबळेश्वरात उगम पावलेल्या त्याच कृष्णेवर राज्यंसुद्धा भांडली. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी अशी पाळी बांधून दिली, तरी वाद मिटलाय कुठं?

येरळेवर मात्र वेगळं झालं. खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरणाचं काम हातात घेतलं आणि ठरवलं की पाणी रानावर नाही, कुटुंबावर वाटायचं, भूमिहीनालाही त्याचा वाटा. आपल्या भागातल्या किती जणांना हे माहीत आहे? माझं मत विचाराल तर एकरावर पाणी मोजलं की मोठ्या रानवाल्याचा ऊस भिजतो आणि बाकीचे बांधावर बसून बघतात. ऊसवाल्यांना राग येईल. मी पण ऊसवालाच आहे.

काल बांधावर आबांना हा शब्द सांगितला. ते तंबाखू मळत म्हणाले, "म्हंजे विहीर बुजवली की वैर संपलं म्हण."

"आबा, विहीर बुजवून पिऊ काय?"

"मग ऱ्हाऊ दे तसंच. उद्यापासून तुझी पाळी हाय. फ्यूज घालून ठेवलाय."