जास्तीचा गुंडा

भाईंदरला थंडी अशी पडतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खाडीवरून वारा सुटतो, स्टेशनकडे निघालेल्या बायका ओढणी कानांवरून घेतात, आणि दहा वाजता घरोघरी पंखे पुन्हा सुरू होतात. तरी इथल्या कितीतरी घरांत विणकामाच्या सुया आहेत, आणि दिवाणाच्या पोटात, उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून ठेवलेली उरलेली लोकर आहे. आमच्याकडे लोकर आणली जाते ती बाळंतविड्यासाठी. कुंची, टोपडं, पायमोजे. फार तर नाशिकला दिलेल्या लेकीसाठी एखादा स्वेटर.

लोकर उरते ती धास्तीपोटी. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो, तसा लॉटचाही असतो. लॉट बदलला की रंगाचा नंबर तोच असूनही बाही अंगापेक्षा किंचित फिकी दिसते. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, गॅलरीत उन्हात धरलं की डोळ्यांत भरतं. लोकर अर्ध्यावर संपली आणि तो लॉट दुकानातून गेलेला असला, तर सगळं उसवण्याची पाळी. म्हणून हिशेबापेक्षा एक गुंडा जास्तीचा घ्यायचा. काम झाल्यावर स्वेटर ज्याचा त्याच्याकडे जातो. कुंची वर्षभरात आखूड होते, जावेच्या नातवाकडे जाते, तिथून आणखी कुठे. विणणारीकडे राहतो तो गुंडा. घालणाऱ्याची आठवण स्वेटरात असेल. विणणारीची त्या गुंड्यात असते, आणि ती कुणी मागायला येत नाही.

माझं विणकाम झालं ते गाडीत. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली, पुढे ती विरारपर्यंत आली. बायकांच्या डब्यात कुणी भाजी निवडायचं, कुणी पोथी वाचायचं, खिडकीशी दोघी-तिघी विणत असायच्या. दहा नंबरच्या सुया, किनारीला एक सुलट एक उलट. टाका सुटला तर समोरची अनोळखी बाई हातातून काम घेऊन उचलून द्यायची. आमच्यातल्या बऱ्याच जणी गिरगाव-परळच्या चाळी सोडून आलेल्या. १९८२च्या गिरणी संपानंतर कुणाच्या घरातली नोकरी गेली, कुणाची भावंडं वाढली. दादरच्या भावात मोरीही आली नसती, तिथे इथे ब्लॉक मिळत होता. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ला आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या कडेने इमारती उठल्या. मीरा रोडला उतरणाऱ्या एका मैत्रिणीने मला दुधी रंगाची लोकर दिली होती, तिच्या पहिल्या नातीच्या टोपड्यातून उरलेली. पुढे तिची गाडी बदलली, नंतर नोकरीही संपली. तिचा पत्ता माझ्याकडे कधीच नव्हता.

अभ्र्यात सर्वांत जुनी लोकर आईची आहे, लष्करी हिरव्या रंगाची. १९६२च्या युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले, तेव्हाची. आजच्या ॲक्रिलिकला कसर लागत नाही. ही खरी लोकर, डांबरगोळ्या ठेवूनही जागोजाग तुटलेली. तिचा थोडा भाग उसवलेला आहे, कारण एक बाही आईला मनासारखी जमली नव्हती. त्या धाग्याला अजून टाक्यांची नागमोडी आहे. खरं तर उसवलेल्या लोकरीची लड करून गरम पाण्यातून काढायची आणि खाली वजन बांधून वाळवायची, म्हणजे ती सरळ होते. मी ते केलेलं नाही. या वळणांत आईने घातलेला एकेक टाका बोटांना लागतो. तो स्वेटर कुणी घातला, तो जवान परत आला का, हे आईला कधीच कळलं नाही, आणि तरी दर थंडीत ती त्याचं नाव काढायची. नाव म्हणजे नुसतं ‘आपला तो’.

उत्तनला किनाऱ्यावर कोळी जाळी दुरुस्त करत बसतात, तिथे मी पुष्कळ वेळ उभी राहते. निळ्या जाळ्यात हिरवा तुकडा, हिरव्यात पिवळा. एकाला विचारलं तेव्हा त्याने हिरव्यावर बोट ठेवून सांगितलं, “हा मोठ्या भावाच्या हातचा.” भाऊ आता दर्यावर जात नाही. जाळं जातं.

सध्या मी उरलेल्या लोकरीचे क्रोशाने चौकोन करते आहे, जोडून पांघरूण होईल असे. आजीच्या गोधडीत लुगडी एकमेकांवर असत, वरची तेवढी दिसायची. इथे सगळे शेजारी शेजारी. आईची लोकर एकाच चौकोनाला पुरली. समोरच्या बेननी परवा काम बघितलं आणि घरात जाऊन मरून लोकरीचा एवढासा गोळा घेऊन आल्या. “काकी, ये भी लगा दो. लडके के स्कूल के स्वेटर का है.” मुलगा आता सुरतेला असतो. तो चौकोन मी दुधी रंगाच्या बाजूला लावला आहे.