काय भरता?

गाडी दारात येऊन उभी राहिली की मी लगेच बॉनेट उघडत नाही. आधी मालकाला विचारतो, "काय भरता?" नवख्या माणसाला ही उगाच चौकशी वाटते. तो सांगायला आलेला असतो की सेल्फ उचलत नाही, चढाला दम सोडते, ऑइल पिते. आणि मिस्त्री मालाचं काय विचारतोय! पण जुनी पिकअप भरवशाची आहे की नाही, हे नुसतं गाडीकडं बघून कुणालाच सांगता येत नाही. ती काय वाहते, कुठल्या रस्त्यानं वाहते आणि वाटेत बंद पडली तर आतला माल किती वेळ थांबेल, एवढं कळल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नसतो.

आमच्या सिद्धेश्वरला तर हे जास्तच लागू आहे. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, अशी ही धरणांची जोडी. १९६८ साली सिद्धेश्वरचं धरण पुरं झालं. कालव्यांनी पाणी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शिवारात नेलं आणि ज्वारी-कापसाच्या मुलखात ऊस, केळी, हळद शिरली. ऊस ट्रॅक्टर-ट्रकनं जातो. बाकीचं बहुतेक पिकअपच्या नशिबी येतं. हळद जाते हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात, नाहीतर वसमतला. धरणातला रोहू-कटला पहाटे बर्फात घालून नांदेड-परभणीकडं निघतो. मधल्या दिवसांत खत, बियाणं, शेळ्या, मंडपाचे खांब आणि लग्नाचं वऱ्हाड. वऱ्हाडाचं मात्र विचारल्यावर कुणी कबूल करत नाही.

आता हळद थांबते. शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश करून पोत्यात भरलेली हळद एक रात्र रस्त्यात अडकली, तर मालकाची झोप जाते, मालाचं काही जात नाही. फक्त वर आभाळ नको आणि ताडपत्री फाटकी नको. मासा थांबत नाही. त्यामुळं एकाच सालातल्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या माझ्याकडं आल्या तरी मी त्यांचं काम एकसारखं करत नाही. मासेवाल्याच्या गाडीत मी बॅटरी, अर्थिंग, सेल्फ, डिझेलची लाइन, पाण्याचे होज आणि फॅनबेल्ट यांच्यामागं लागतो. ती पहाटे एका हाकेला उठली पाहिजे आणि वाटेत गरम व्हायला नको. तिचा क्लच जरा सरकत असला तर सरकू देतो, कारण तिच्यावर भार बेताचा असतो. हळदवाल्याची गाडी सकाळी धक्का मारून सुरू झाली तरी चालतं, धक्का मारायला घरची माणसं असतात. पण आरसी बुकात लिहिलेल्या वजनाकडं तो कधी बघत नाही, आणि औंढ्याकडचा चढ त्याला टळत नाही. त्याचे पाटे, हबचे बेअरिंग, क्लच आणि ब्रेक हे मी आधी बघतो. ब्रेक तर सगळ्यांचेच बघतो, मालक नको म्हणाला तरी.

पिकअप म्हटलं की शहरातल्या माणसाला अमेरिकन सिनेमातली रुंद गाडी दिसते. आमची पिकअप जीपच्या पोटातून आली. महिंद्राच्या जुन्या गाड्यांमध्ये प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन असायचं, पुढं अडीच लिटरचं डीआय आलं. त्याच जिपड्यांना मागं हौदा बसवला आणि खेड्यापाड्यांत गाडी पसरली. टाटांची टाटामोबाइल १९८८ ची, तिच्या मागून २०७ आली. २००५ साली दोन सिलिंडरची एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती करून टाकलं. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला आणि इथल्या गाड्यांना अडतीस नंबर लागला, तरी बावीस नंबरच्या, म्हणजे परभणी पासिंगच्या पाट्या अजून गावात दिसतात. त्यातल्या काही गाड्यांचे मालक तीनदा बदललेत, इंजिन दोनदा खोललंय आणि मूळ रंग कुणाला आठवत नाही.

या गाड्यांची सगळ्यात छळणारी खोड म्हणजे हवा धरणं. संध्याकाळी धडधडीत आलेली गाडी सकाळी नुसता सेल्फ मारत राहते. सुरू झाली तर चार मिनिटांनी आपोआप विझते. कुणीतरी सांगतं, पंप गेला. पंप काढून नांदेडला टेबलवर चढवला की खर्च झाला, दोन दिवस गेले, आणि पंप बऱ्याचदा ठणठणीत निघतो. खरं कारण टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये असतं. कुठंतरी रबरी पाइपला बारीक चीर पडलेली असते, नाहीतर फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर एकदा वापरून पुन्हा तोच बसवलेला असतो. तिथून डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून माणूस फसतो. त्या बाजूला पंप ओढत असतो, त्यामुळं डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की लाइनमधलं डिझेल हळूहळू मागं टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी नुसती हवा असते.

यावर माझ्या परभणीच्या उस्तादांनी शिकवलेला इलाज साधा आहे. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडायची आणि गाडी सुरू करायची. बुडबुडे दिसले की हवा त्याच्या मागूनच येतेय. मग नळी एकेक जोड मागं सरकवत टाकीकडं जायचं. ज्या जोडाच्या पलीकडं बुडबुडे थांबतात, तोच चोर. कामाला पाना कमी लागतो, धीर जास्त. हौद्याखाली उताणं पडून, तोंडावर माती घेत एकेक जोड बघायचा, आणि वर मालक सारखा म्हणत असतो, "मिस्त्री, पंपच बघा ना एकदा." त्याला पंपच हवा असतो. मोठ्या खर्चाला मोठं कारण पाहिजे, अशी माणसाची समजूत असते. पन्नास रुपयांच्या पाइपानं आपल्याला आठवडाभर छळलं, हे पटायला त्याला जड जातं.

सेल्फचंही असंच. सेल्फ जड फिरला की नवी बॅटरी घेतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच. जुन्या गाडीत इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजून नावापुरती उरलेली असते. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर थेट इंजिनला लावून सेल्फ मारला आणि तो सरळ फिरला, तर बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष सुटतात.

इंजिनाच्या बाबतीत मात्र मी स्वतः धंद्याच्या विरुद्ध बोलतो. जुन्या गाडीच्या इंजिनाला हात लावायची घाई करू नये. ऑइलचं झाकण काढलं की आतून फसफस वाफ येते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, चढाला तिसरा गिअर ओढत नाही. मालक म्हणतो, "हाफ इंजिन करून टाका." रिंगा, बेअरिंग घातले, व्हॉल्व्ह बसवले की इंजिन पुन्हा जोरात ओढायला लागतं, हे खरं. पण त्या इंजिनाबरोबर मागची सगळी मंडळीही म्हातारी झालेली असतात. इंजिन दमलेलं होतं म्हणून क्लच प्लेट निभत होती. आता ती सरकते. प्लेट, प्रेशर प्लेट नवी घातली की उचलताना मागं खट् वाजतं, म्हणजे जॉइंटचा क्रॉस गेला. क्रॉस टाकला की पुढच्या महिन्यात हाउसिंगमधून हुंकार सुरू होतो, क्राऊन-पिनियन बोलायला लागतात. मालकाला वाटतं, मिस्त्री एक करतो आणि दुसरं बिघडवतो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. झीज सगळीकडं सारखी झालेली गाडी मुकाट चालते. एकच भाग नवा केला की त्याच्या शेजारच्याचं वय उघडं पडतं.

म्हणून मी ऑइल पिणाऱ्या गाडीचा आधी हिशेब मांडतो. महिन्याला किती ऑइल लागतं, त्याचे किती होतात, आणि हाफ इंजिनाचे किती, अधिक त्याच्या मागून येणारा क्लच, क्रॉस, क्राऊन. पुष्कळदा दोन हंगाम नुसतं ऑइल ओतत राहणंच स्वस्त पडतं. फक्त एका गोष्टीवर मी ऐकत नाही. गाडी गरम झाल्यावर, पाय सोडल्यावर, ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला तर ती पुढं नेऊ देत नाही. निळा धूर बरीच वर्षं सोबत करतो. प्रेशर गेलेलं इंजिन क्रँकसकट जातं आणि बहुतेक वेळा भरल्या गाडीतच जातं.

पाट्यांचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, असं पोरं म्हणतात. हळदीचा हंगाम जवळ आला की शेतकरी येतो. "एक पाटा जास्तीचा टाका, मिस्त्री. मागनं बसायली गाडी." पाटा टाकला की गाडी बसत नाही, हे दिसतं. दिसत नाही ते असं की पाटा लवचिक होता तोवर खड्ड्याचा दणका तो स्वतः खात होता. आता कडक झाल्यावर तोच दणका हबच्या बेअरिंगला, ॲक्सलला आणि जिथं पाटा चॅसिसला टांगलेला असतो त्या ब्रॅकेटला जातो. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा रस्ता एका हंगामात लाटांचा होतो. कालव्याच्या कडेची वाट तर विचारूच नका. पाटा मोडला तर कळतं आणि बदलता येतो. चॅसिसला गेलेली चीर ग्रीस आणि मातीखाली गुपचूप वाढते.

चीर सापडली की वेल्डिंगवाला सरळ तिच्यावर रॉड ओढून मोकळा होतो. ते टिकत नाही. आधी चिरेचं टोक शोधायचं, घासून, डिझेलनं पुसून. त्या टोकाला ड्रिलनं बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर तिथं थांबते, पुढं धावत नाही. मग चीर व्ही आकारात खोलून भरायची आणि वरून पट्टी लावायची. पट्टीची टोकं तिरकी कापायची, उभी नाही. उभ्या कडेशी सगळा ताण एका रेषेत येतो आणि पुढच्या वर्षी पट्टीला लागूनच नवी चीर उघडते. चॅसिसच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग तर मुळीच मारायचं नाही. ताण तिथंच सगळ्यात जास्त असतो.

मासेवाल्यांच्या गाडीला चिरेपेक्षा गंज खातो. बर्फाचं पाणी हौद्याच्या फटींतून ठिबकत राहतं आणि मागच्या चाकावरच्या चॅसिसमध्ये, मातीच्या ओल्या थरात मुरतं. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तिथं हे दुखणं फार मोठं आहे. १९९५ ते २००० मधल्या टाकोमा पिकअपांचे चॅसिस असे गंजले की २००८ मध्ये टोयोटानं पुष्कळ गाड्या मालकांकडून परत विकत घेतल्या. इथं परत घ्यायला कुणी येत नाही. मी मासेवाल्यांना एकच सांगतो, माल उतरवला की नळीनं खालून गाडी धुवा, वरून नव्हे. ते वरून धुतात.

सामानाबद्दल थोडक्यात. पाण्याचा पंप, क्लच प्लेट, ब्रेकचं सामान कंपनीचंच घ्यावं. दाराचं हँडल, आरसा, फाळक्याची कडी लोकल चालते. हाउसिंग, गिअरबॉक्स भंगारातून चांगला मिळाला तर लोकल नव्यापेक्षा तो बरा, कारण त्याचं पोलाद जुनं असलं तरी मूळचं असतं.

गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी आणि वर पर्यावरण कर. पासिंगच्या आठवड्यात सगळ्यांना इंडिकेटर आठवतात. पासिंगला नेलेली गाडी आणि परत आलेली गाडी यांत रिफ्लेक्टर पट्ट्यांचाच फरक असतो, असं मी म्हणत नाही. पण बघितलेलं बरंच आहे.

२०१७ ला भारत स्टेज चार देशभर लागू झालं, २०२० च्या एप्रिलपासून सहा. नव्या पिकअपमध्ये कॉमन रेल, सेन्सर, सायलेन्सरमध्ये धूर गाळायची यंत्रणा. तिचा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय बोट ठेवता येत नाही. माझ्याकडं आता स्कॅनर आहे, धाकटा पुतण्या तो चालवतो. पण स्कॅनरनं सेन्सरचं नाव दाखवलं तरी पुष्कळदा आत वायर उंदरानं कुरतडलेली किंवा सॉकेटमध्ये पाणी गेलेलं निघतं. तिथं पुन्हा जोड-जोड शोधत बसायचं काम येतंच. तरी पहाटेचा मासा वाहणाऱ्यानं आता नवीच गाडी घ्यावी, असं माझं मत होत चाललंय. हळदवाल्यानं अजून थांबायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात जवळा भागातला एक पोरगा मासे वाहणारी जुनी पिकअप सौदा करून आला. पैसे द्यायच्या आधी मला दाखवायला आणली, एवढी त्याची अक्कल. इंजिन खरंच चांगलं होतं. गरम करूनही ऑइलचं प्रेशर पडलं नाही. मी खाली शिरून चॅसिसवर हातोडी मारत गेलो. पुढं टणटण वाजलं. मागच्या चाकावर आल्यावर आवाज बसका झाला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर पापुद्रा सुटला.

"काय भरणार?"

"हळद. आन् भाड्याचं जे मिळंल ते."

"मग हे इंजिन तुला महागात पडंल. ते जोरात ओढंल, आणि मागं ओढण्याजोगं राहिलं नाही."

"पण मामा, किंमत लई कमी सांगायलेत."

किंमत खरंच कमी होती. मी त्याला दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा आणि मजुरीचा आकडा कागदावर लिहून दिला. तो घेऊन तो विकणाऱ्याकडं गेला आणि तेवढे पैसे तोडून गाडी घेऊनच आला. गाडी आता माझ्या शेडमध्ये चार स्टँडवर उभी आहे, हौदा काढून बाजूला ठेवलाय. पट्ट्या उद्या लागतील. मागचे पाटे खोलताना त्यात आधीच एक जास्तीचा निघाला. तो मी त्याला परत दिला नाही, मजुरीत वळता केला.