एका टेकडीतले तीन खडक

नागपूरच्या सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी त्याचं दार वर्षातल्या मोजक्याच दिवशी उघडतं. एका २६ जानेवारीला मी त्या गर्दीत होतो. सगळे १८१७ च्या लढाईच्या खुणा शोधत होते. आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकडीवर भिडले होते. माझ्यासोबतचे निवृत्त भूवैज्ञानिक स्नेही मात्र वाटेकडेच्या काळ्या दगडापाशी थांबले. "तोफा नंतर, आधी हा बघा," म्हणाले.

दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटत होता. हा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, हजार अंशांहून जास्त तापलेला लाव्हा भेगांतून वर आला, पसरला आणि थिजला. आता ऊन-पावसाने तो फुटतो आहे. आधी त्याचा मुरूम होतो, मग विदर्भाचा कापूस पोसणारी काळी माती.

टेकडीच्या पोटात काय आहे, हे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी टिपून ठेवलं. नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म यांवरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. माथ्यावर बेसॉल्ट, खाली गोड्या पाण्यात साचलेला पातळ थर, पुन्हा बेसॉल्ट, मग वालुकाश्म आणि तळाशी नीस, म्हणजे पट्टिताश्म. अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित, तिन्ही जाती एका चढात! शहरातलं हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉपांच्या नावाचं.

तो पातळ थर मला विलक्षण वाटतो. लाव्हाच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत इथे तळं साचण्याइतकी उसंत मिळाली. नागपूरजवळच्या टाकळीच्या अशाच थरांत गोगलगायींचे शंख आणि झाडांच्या बिया सापडल्या. मग तप्त लाव्हा अंगावर आला तेव्हा त्या चिखलाचा रूपांतरित खडक का झाला नाही? "नुसता चटका पुरत नाही," स्नेही म्हणाले. वरून आलेली धग थोड्याच खोलीपर्यंत पोचते आणि लाव्हा निवतो. खरा बदल पाण्याने घडवला. विरघळलेली सिलिका चिखलात मुरली आणि ठिकठिकाणी त्याचा चर्ट झाला, गारगोटीसारखा कठीण. त्यामुळेच ते शंख टिकले.

नीसची गोष्ट वेगळी. तो शंभर कोटी वर्षांहून जुना आहे आणि घडला तो जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली. मग त्याच्यावर वालुकाश्म थेट कसा बसला? मधला डोंगरच्या डोंगर झिजून गेल्याशिवाय ते शक्य नव्हतं. त्या दोन खडकांमधल्या रेषेत ती सारी झीज आहे, पण दिसायला तिथे काहीच नाही. शाळेच्या पुस्तकातल्या शिलाचक्राच्या वर्तुळात खडक एका बाणावरून दुसऱ्यावर सरळ जातात. ही रेषा कळल्यापासून मला ते चित्र फार घाईचं वाटतं.

रूपांतर प्रत्यक्ष बघायला आम्ही पुढे रामटेक-मनसरकडे गेलो. त्या पट्ट्यात जुन्या वाळूचा क्वार्टझाइट झाला, चुन्याच्या गाळाचा संगमरवर आणि मँगनीजयुक्त चिखलाचा गोंडाइट. गोंडाइट हे नाव लुइस ली फर्मर यांनी गोंड समाजावरून दिलं. त्यात क्वार्ट्झबरोबर मँगनीजचा तामडा असतो. चिखलात तामड्याचा कणही नव्हता. उष्णता आणि दाबाखाली, खडक न वितळता, तेच अणू नव्या रचनेत बसले आणि तामडा तयार झाला. मला हे लाव्हापेक्षाही नवलाचं वाटतं. मनसरच्या खाणीतून मॉइल ही नागपूरची कंपनी जे मँगनीज काढते, ते मुळात पाण्यात साचलेल्या गाळाचं.

परतताना कन्हानच्या पुलावर गाडी थांबवली. या नदीच्या वाळूत अशाच खडकांमधून सुटलेले क्वार्ट्झचे कण आहेत. ते वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकतात आणि तिथे साचून पुन्हा वालुकाश्म होऊ शकतात. पण कन्हानची बरीच वाळू ट्रकांनी नागपूरच्या बांधकामांवर जाते आणि सिमेंट-गिट्टीत मिसळून काँक्रीट होते. पुस्तकातल्या वर्तुळात या वाटेसाठी अजून बाण नाही.