पेट्रोलचा पंप आणि विहिरीची मोटर

ह्या विकांताला सोनपेठला गेलो तर मामेभाऊ तयारच होता. त्याची पोलो जीटी टीएसआय, २०१३ची, चाकणला बनलेली. १.२ लिटर टर्बो, मूळ ताकद १०५ पीएस. पठ्ठ्याला रीमॅप करून १३० करायचीय. "दादा, पंप पुरंल का?"

प्रश्न आवडला. लोक बहुधा पिस्टन वितळल्यावर पंपाकडे बघतात! टर्बोने हवा जास्त कोंबली आणि पेट्रोल तेवढं आलं नाही, की खेळ खलास...

हिशोब सोपा. टर्बो इंजिनाला पूर्ण जोरात अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरायचं. १३०ला ३५ किलो, म्हणजे ४७ लिटर. वर २० टक्के राखीव, झाले ५७.

"पंपाचा आकडा तर लई जास्तंय." मोकळ्या नळीतला असेल! म्हटलं, मे महिन्यात विहीर खाली गेली, त्यात व्होल्टेज पडलं, तर आपली मोटर किती पाणी फेकते? तो हसला. पंपाचंही तेच, म्हणून प्रवाह मोजायचा तो चालू दाबावर.

ह्या गाडीत तर पंप दोन. एक टाकीतला विजेवरचा, दुसरा कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर, कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. स्कॅनर लावून ईसीयूने मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं, दोन्ही नोंदवायचे. वरच्या आरपीएमला मिळालेलं घसरलं, की आधी टाकीतल्या पंपाला गेज लावायचा. आणि हे सगळं डायनोवर, आपल्या रस्त्यांवर नाही :)

सध्या त्याने स्कॅनर मागवलाय. रीमॅपवाल्याला थांबायला सांगितलंय.