उजवी स्टेपनी, डावं चाक

आमच्या गाडीला मी मुद्दाम व्ही आकाराच्या खाचांचे टायर घातले होते. पावसाळ्यात रत्नागिरीला सारखं जाणं होतं, आणि अशा खाचा चाकाखालचं पाणी मधून दोन्ही कडांना फेकतात. दुकानदाराने ते रंगवून सांगायची गरज नव्हती, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पाचवा तसाच टायर स्टेपनीला. या टायरांच्या बाजूवर ‘रोटेशन’ असं लिहून बाण कोरलेला असतो आणि गाडी पुढे जाताना चाक त्या दिशेनेच फिरावं लागतं. म्हणजे एकदा रिमवर चढला की तो टायर डावा तरी होतो, नाहीतर उजवा. आमची स्टेपनी उजवी होती.

जुलैत कोल्हापूरहून निघालो. बांबवडे मागे पडलं आणि मागचं डावं चाक बसलं. कशाने तरी टायर बाजूनेच चिरला होता. तिथे पंक्चर काढण्यात अर्थ नसतो. भावाने जॅक लावला, नट इतके आवळलेले की पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं. स्टेपनी चढली. मी गाडीच्या मागे जाऊन पाहिलं. उजव्या चाकावर खाचा छपरासारख्या मधून दोन्हीकडे उतरत होत्या, व्हीचं टोक वर. डाव्यावर टोक खाली.

“मग दुसरीकडचं चाक इकडे आण,” आत्या आतूनच म्हणाली. सूचना हुशारीची, पण हिशेब जुळत नाही. तीन उजवी चाकं आणि एक डावं घेऊन गाडी उभी करायची, तर एक उजवं चाक डावीकडे जाणारच. फार तर ते पुढे ठेवायचं की मागे, एवढंच आपल्या हातात.

भाऊ म्हणाला, मागचं चाक नुसतं ओढलं जातं, त्याचं काय एवढं! मला ते पटलं नाही. पुढची चाकं पाण्यावर तरंगायला लागली तर स्टिअरिंग हलकं पडतं, हाताला कळतं. मागचं चाक तसा निरोप पाठवत नाही, गाडीचा पार्श्वभाग सरळ बाजूला निघतो. अर्थात पुढच्या चाकाने थोडं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं, तेवढी मागच्याची सोय. म्हणून चाक होतं तिथेच ठेवलं आणि वेगावर लगाम घालायचं ठरवलं.

मलकापुरात टायरवाल्याकडे थांबलो. लाइट गेली होती, त्यामुळे टायर उतरवायचं मशीन बंद. टामी घालून हाताने उतरवतो म्हणाला, पण अलॉयच्या रिमला ओरखडे पडतील हे त्यानेच सांगितलं. बाहेर ट्रॅक्टरचं एक मोठं चाक टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्या दातऱ्यांवर हात ठेवून तो म्हणाला, “ताई, ह्ये उलटं घातलं तर चिखल धरून बसतंय. टोक आधी टेकाय पायजे, मग चिखल भाईर जातोय. तुमचं बी तसंच. कोरड्यात काय होत न्हाई बघा.”

वर्गात मी हे इतक्या थोडक्यात कधी सांगितलेलं नाही. टोक आधी टेकलं की खाचेच्या दोन बाजू पाणी बाहेर रेटत जातात. उलट फिरलं की कडेचं पाणी मध्याकडे येऊ पाहतं. कोरड्या डांबरावर फार तर आवाज वाढतो, पण साचलेल्या पाण्यावर चाक लवकर तरंगतं. नासाने 1960च्या दशकात विमानांच्या चाकांवर काम करून एक ठोकताळा काढला होता: हवेच्या दाबाचं पौंडांमधलं वर्गमूळ गुणिले 9, उत्तर नॉटमध्ये. 33 पौंड हवेला ते ताशी सुमारे 95 किलोमीटर येतं. कारच्या रुंद टायरला त्याच्या कितीतरी आधीही पाणी उचलू शकतं. मी 60ची मर्यादा घातली. भावाने तोंड वाकडं केलं.

आंबा घाटात त्या मर्यादेचा प्रश्नच नव्हता. धुकं, वळणं, दरडीवरून रस्त्यावर उतरणारं लाल पाणी, तिथे सगळेच गोगलगाय. खरी परीक्षा साखरपा सोडल्यावर. रस्ता मोकळा झाला, पाऊस पुन्हा झोडपायला लागला आणि मागून ट्रक हॉर्न देऊन पुढे जायला लागले. ते पुढे गेले की काचेवर पाण्याचा पडदा. नाणीजच्या पुढे एका सखल जागी पाणी आडवं पसरलं होतं. भावाने आधीच पाय उचलला, ब्रेक लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं. खालून जोराचा फर्रकन आवाज आला, गाडी जराशीही हलली नाही. आम्ही चाळिशीच्या आत होतो. ऐंशीत काय झालं असतं ते बघायची हौस मला नाही.

रत्नागिरीत स्टेपनीचा टायर रिमवरून काढून उलटवून घेतला, बॅलन्सिंग केलं, आता तोच मागचं डावं चाक. रिकाम्या रिमवर नवा टायर हवा होता. दुकानदार म्हणाला, डावा बसवतो, खिळे-काचा रस्त्याच्या कडेलाच असतात, पंक्चर बहुतेक डावीकडेच होतं. भावाला ते लगेच पटलं. मी मात्र त्याच मापाचा, साध्या नक्षीचा, बिनबाणाचा टायर मागितला. स्टेपनीवर फार लांब जायचं नसतंच, तेवढ्यापुरती नक्षी वेगळी चालते. शिवाय स्वस्त पडला.

“मग चारही तसलेच का नाही घेतलेस?” आत्याने विचारलं. घाटातल्या पावसावर मी बोलायला लागले, तोवर ती चहा कुठे मिळतो ते पाहायला निघून गेली होती.