दगड होता तसा

कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये एका उतारावर चुनखडीची फरशी उलटी पडलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं. जिथून ती उचलली होती तिथे तिच्याच आकाराचा फिकट डाग उरला होता, मुंग्यांची घरं उघडी पडून सुकली होती. कोणीतरी साप शोधत आलं असणार. फरशी उचलली, खाली काही नाही म्हणून तशीच टाकून पुढे गेलं. अशा माणसाला साप दिसूच नये असं मला मनापासून वाटतं. दिसतो, हीच तर अडचण आहे.

इथे मिल्क स्नेक बघायचा तर दगड उचलण्याला पर्याय नाही. हा साप दिवसा सहसा उघड्यावर येत नाही. एप्रिलअखेर ते मेचा मध्य, नुकताच पाऊस पडून गेलेला, ऊन कोवळं आणि हवेत अजून गारवा, अशा सकाळी तो जमिनीतल्या भेगांमधून वर सरकतो आणि तापू लागलेल्या फरशीच्या पोटाला अंग लावून पडतो. जून उजाडला की फरशीखालीही भाजायला लागतं. मग तो खोल जातो, आणि रात्री एखाद्या रस्त्यावर आडवा गेला तर गेला.

फरशीही पारखून घ्यावी लागते. उतार दक्षिणेकडे तोंड केलेला, फरशी पोळपाटापासून चौरंगापर्यंतची, फार जाड नको आणि थेट मातीवर टेकलेली हवी. लहान दगड लवकर तापतो, लवकर निवतो. मोठ्या धोंड्याच्या तळाशी ऊन पोचेपर्यंत दिवस मावळतो. पलीकडच्या कडेला लोखंडी आकडा अडकवून ती आपल्याकडे उचलायची, म्हणजे फट समोर उघडते आणि आपल्या नडग्यांपुढे फरशीची ढाल राहते. बोटं आत घालायची नाहीत. पूर्वेकडच्या टेकड्यांमध्ये याच मुक्कामावर विषारी कॉपरहेडही उतरलेला असतो.

आधी भेटतात ती इतर बिऱ्हाडं. विंचू, चकचकीत अंगाचे स्किंक, आणि रिंगनेक नावाचे करंगळीहून बारीक साप, पोटाकडून नारिंगी. या मंडळींनी कंटाळा आणल्यावर कधीतरी एका फरशीखाली लाल, काळं, पांढरं, काळं, पुन्हा लाल असं काहीतरी वळसे घालून बसलेलं असतं आणि आपण शेजारच्याचा दंड घट्ट धरतो. रंग पाहून विषारी कोरल स्नेकची आठवण व्हावी, पण कोरल स्नेक कॅन्ससमध्ये राहतच नाही. मग हा दरारा कोणासाठी? डिवचला तर शेपटी वाळक्या गवतावर थरथरवून खुळखुळ्या सापाचा आवाजही काढून बघतो. विष मात्र नाही. उंदरांची पिल्लं, सरडे आणि जमलं तर दुसरे साप, असा त्याचा आहार. २०१४ साली जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी एका मिल्क स्नेकच्या सात जाती केल्या. सापाच्या दिनक्रमात त्याने काही फरक पडला नाही.

बघून झालं की फरशी आधी होती त्याच खाचेत, त्याच बाजूने ठेवायची, आणि सापाला तिच्या कडेशी सोडायचं, आपला तो आत जातो. खालचा ओलावा जमायला वर्षं गेलेली असतात. फरशी जरा तिरकी बसली तरी तो उडून जातो.

अमेरिकन शेतकऱ्यांची समजूत अशी की हा साप गोठ्यात शिरून गाईच्या आचळाला लागतो. नाव त्यावरूनच पडलं. राजापूरकडच्या माझ्या मावशीच्या म्हशीने पान्हा चोरला की मावशी धामणीच्या नावाने बोटं मोडायची. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. दोन गोठ्यांमध्ये अख्खा समुद्र आणि आरोप एकच. आत वळलेल्या टोकदार दातांचं तोंड आचळाला लागलं तर कुठलं जनावर उभं राहील, हा प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारला नाही. साप गोठ्यात येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर दाण्यामागे.

तरी गाईचं आणि सापाचं काहीतरी आहे. ते मला हेन्री फिच यांच्यामुळे कळलं. फिच १९४८ साली कॅन्सस विद्यापीठाच्या, लॉरेन्सजवळच्या राखीव जमिनीवर कुटुंबासह राहायला आले. जमीन ५९० एकर. गुरं काढून टाकली, नांगर आणि आग दोन्ही बंद केले. निसर्गाला एकटं सोडल्यावर तो काय करतो ते बघायचं होतं. माणसाने किती बघावं? पन्नास वर्षं तेच उतार, तेच सापळे. साप धरायचा, मोजायचा, वजन करायचं, खवल्याचा बारीक तुकडा कातरून खूण करायची आणि धरला तिथेच सोडायचा. असे तीस हजारांहून जास्त साप त्यांच्या हातांखालून गेले. १९७० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर खास मिल्क स्नेकवर निबंध लिहिला. शंभरी काही महिन्यांवर असताना, २००९ मध्ये ते गेले. एका गावात पन्नास वर्षं काढलेला पोस्टमन मला कुठल्याही जगप्रवाशापेक्षा जास्त आवडतो, त्यामुळे फिच आवडणारच.

पण त्यांच्या वह्यांमधून निघालं ते राखीव जमिनीच्या भक्तांना रुचणारं नव्हतं. गुरं गेल्यावर गवत माजलं, मग झुडपं आली, मग झाडं. चुनखडीच्या कडांवर सावली पडली आणि दगड तापेनात. उन्हावर जगणारे सरपटणारे प्राणी वर्षागणिक घटले, काही दिसेनासे झाले. कोणी मारलं नाही, पकडून नेलं नाही, नुसतं ऊन गेलं. फ्लिंट हिल्स अजून मोकळ्या आहेत त्या गुरांमुळे आणि दर वसंतात गवताला आग लावणाऱ्या गुराख्यांमुळे. गाईचं दूध सापाला कधीच नको होतं, पण तिने चरून उघडा ठेवलेला उतार त्याच्या फार कामाचा.

हे उतार बहुतेक खाजगी मालकीचे, तेव्हा विचारूनच आत जायचं. एका म्हाताऱ्या रँचवाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाला, ‘शोधा की. फाटक मात्र लावून घ्या.’

फाटकावरून आठवलं. इलिनॉयच्या शॉनी राष्ट्रीय वनात एक अडीच मैलांचा रस्ता आहे. हिवाळ्यात साप तिथल्या कड्यांमध्ये राहतात, उन्हाळ्यात समोरच्या दलदलीत. १९७२ पासून वसंतात आणि शरदात दोन-दोन महिने त्या रस्त्याला फाटक लागतं, गाड्या बंद. माणसांनी चालत जावं, सापाला हात लावू नये. मिल्क स्नेक तिथे क्वचित, कॉटनमाउथ मुबलक. आपल्या आंबोली घाटात पावसाळी रात्री गाडीच्या दिव्यांपुढे चिरडलेले बेडूक आणि साप दिसतात, तेव्हा मला हे फाटक आठवतं. दोन महिने सोडा, नुसत्या पावसाळी रात्रींपुरतं ते लावू म्हटलं तर कोण कबूल होईल? धबधब्यापाशी कणसं भाजणारा होईल कदाचित. रात्री त्याची शेगडी तशीही विझलेली असते.