पटावरची घरे

चौकडीच्या वहीत घर रंगवले की ते रंगलेलेच राहते. संगणकाच्या खिडकीत तसे नसते. कोणत्या घरात कोणता रंग, हे प्रोग्रामने स्वतः लक्षात ठेवावे लागते. जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ हा याचा चांगला वस्तुपाठ. मार्टिन गार्डनर यांनी १९७० च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरातून तो वाचकांपुढे मांडला. त्यात प्रत्येक घर जिवंत किंवा मृत असते आणि पुढच्या पिढीत त्याचे काय होणार, हे ते स्वतः आणि त्याचे आठ शेजारी मिळून ठरवतात.

जावाच्या स्विंगमध्ये हा पट मांडताना आधी मोजमाप येते. घर २० पिक्सेलचे आणि आडवी-उभी २० घरे धरली, तर ४०० पिक्सेल पुरतील असे वाटते. पण २० घरांना रेघा २१ लागतात. मोजणी शून्यापासून होत असल्याने शेवटची रेघ ४०० या स्थानी पडते आणि ४०० रुंदीच्या पटाबाहेर जाते. पट ४०१ चा केला की उजवी आणि खालची कड दिसू लागते. रंग भरतानाही डावीकडून व वरून एकेक पिक्सेल सोडून १९ चा चौरस भरावा, म्हणजे रेघा शाबूत राहतात.

माउसचा क्लिक आडवा १३७ व उभा ६४ या ठिकाणी पडला, तर २० ने भागून बाकी सोडून द्यायची : स्तंभ ६, ओळ ३. उभे अंतर वरून खाली मोजले जाते. घरांची स्थिती ज्या ॲरेत ठेवायची, त्यात आधी ओळ लिहिण्याचा प्रघात आहे, चित्र काढताना मात्र आधी आडवे अंतर द्यावे लागते. इथे हमखास गल्लत होते. चौरस पटावर रंग कर्णाच्या पलीकडच्या घरात उमटतो आणि कर्णावरच्या घरांत तर चूक दिसतच नाही. म्हणून चाचणीसाठी पट मुद्दाम ३० बाय २० चा घ्यावा.

क्लिक झाल्याबरोबर थेट पडद्यावर रंग ओतण्याचा मोह आवरावा लागतो. तसा ओतलेला रंग खिडकीचा आकार बदलताच पुसला जातो. योग्य क्रम असा : ॲरेतील किंमत बदलायची, ‘रीपेंट’ची मागणी नोंदवायची आणि ‘पेंटकंपोनंट’मध्ये सगळा पट ॲरेवरून काढायचा. स्विंग चित्र आधी पडद्याआड तयार करते, त्यामुळे ते लुकलुकत नाही.

माउस दाबून ओढताना पहिल्या घरावरच ठरवावे की रंगवायचे की पुसायचे. नाहीतर त्याच घरात रंग सारखा येतो-जातो. हात वेगाने फिरला तर मधली घरे सुटतात. ती भरायला ब्रेझनहॅम यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली रेषा काढण्याची रीत पूर्णांकांवरच भागवते.

पिढी पुढे सरकवताना दुसरा ॲरे लागतो. त्याच ॲरेत बदल करत गेले, तर उरलेल्या घरांना शेजाऱ्यांची जुनी स्थिती कळत नाही. जुना ॲरे पूर्ण वाचून नवा भरला की दोघांची अदलाबदल करायची आणि पट पुन्हा काढायचा.